मदत हवी आहे: कृष्णेच्या पूरपातळीचं पान टॉकबॅकवर (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या फोनच्या सोयीवर) नीट ऐकू यावं म्हणून काय करू? (सांगली)

नमस्कार मंडळी,

पाऊस तोंडावर आलाय म्हणून घाईनं लिहितोय. मी सांगलीत गावभागात राहतो. पोटापाण्यासाठी हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. वेबसाइट बनवायला रात्री जागून शिकलो, त्यामुळे पाया कच्चा आहे. चुकत असेन तर सरळ सांगा.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हापासून आम्ही चार मित्र पावसाळ्यात एक साधं पान चालवतो. इथं इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. जुलै-ऑगस्टात माणसं भेटली की ‘आयर्विनला किती?’ हेच आधी विचारतात. कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन आणि अंकली इथले आकडे, शिवाय कोयनेतून किती क्युसेक सोडलंय, एवढंच पानावर असतं. वरच्या पुलांचे आकडे बघून लोक ठरवतात, आज रात्री सामान माळ्यावर टाकायचं की उद्या सकाळी.

आमच्या गल्लीत एक काका आहेत. मिरजेत सतारीची जवारी काढण्यात, म्हणजे घोडी घासून तारांचा नाद जुळवण्यात, त्यांचा जन्म गेला. काचबिंदूनं दृष्टी गेली त्याला दहा वर्षं झाली. फोन टॉकबॅकवर चालवतात, आणि आवाजाचा वेग इतका ठेवतात की शेजारी बसून मला एक शब्द पकडता येत नाही. मागच्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला, ‘अरे, तुझं पान नुसतं इमेज, इमेज म्हणतंय. पाणी किती ते कुठं सांगतंय?’

घरी जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. काका बोट उजवीकडे सरकवत होते आणि फोन एकेक वस्तू सांगत होता. आम्ही पातळीचा आकडा चित्रात लिहायचो, कारण तेच चित्र व्हॉट्सॲपवर टाकायला सोपं जायचं. इशारा पातळीला पिवळी पट्टी, धोक्याला लाल. खाली तक्ता होता, त्यात फोन म्हणाला ‘अठ्ठावीस’, मग ‘एकतीस’. कुठल्या पुलाचे, पत्ता नाही. मध्येच सूचनेची खिडकी उघडली. ती बंद करायच्या फुलीला नाव नव्हतं, आणि काकांचं बोट मागच्याच पानावर फिरत राहिलं. लाइटहाउसनं (वेबपानं तपासून गुण देणाऱ्या साधनानं) याच पानाला ९६ गुण दिले होते. मी ते मित्रांना कौतुकानं दाखवलेही होते. त्या दिवशी फार वाईट वाटलं. पाणी चढत असताना हा माणूस घरात एकटा असतो.

आत्तापर्यंत केलेलं सांगतो. आकडा चित्रातून काढून मजकुरात घातला. रंगासोबत ‘इशारा पातळी ओलांडली’ असे शब्द लिहिले. पिवळ्यावर पांढरी अक्षरं होती ती काळी केली, आता कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक) किमान हव्या असलेल्या ४.५ ला १ च्या पुष्कळ वर आहे. मोतीबिंदू असलेल्या माझ्या आईलाही पान चष्म्याशिवाय वाचता यायला लागलं. फुकट टेम्प्लेटमध्ये पानाची भाषा इंग्रजी लिहिलेली होती. लँग ॲट्रिब्युटमध्ये (पानाची भाषा सांगणाऱ्या कोडमध्ये) ‘एमआर’, म्हणजे मराठी, घातल्यावर फोन मराठी आवाजात बोलायला लागला. (आमच्या फाँटात ल आणि श सुद्धा मराठी वळणाचे झाले. हे मला माहीतच नव्हतं.)

आता अडलोय ते इथं:

आकडा दर दहा मिनिटांनी आपोआप बदलतो, पण काकांना ते कळत नाही. एरिया-लाइव्ह (बदललेला मजकूर आपणहून बोलायला लावणारी कोडमधली खूण) ‘असर्टिव्ह’, म्हणजे ‘लगेच बोल’, करून अख्ख्या तक्त्याला लावलं, तर फोन दर वेळी सगळे पूल पहिल्यापासून वाचतो, आणि तेही काकांचं चालू वाचन तोडून. काढून टाकलं तर गप्प.

सूचनेच्या खिडकीसाठी डायलॉग टॅग घ्यावा की पॉपओव्हर (दोन्ही पानावर खिडकी उघडायच्या पद्धती)? एक मित्र म्हणतो पॉपओव्हर नवं आहे, तेच वापरू. काकांचा फोन अँड्रॉईड ९ चा आहे.

आणि डब्ल्यूसीएजीची (वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी यासाठीच्या नियमांची) कुठली आवृत्ती धरून चालायचं? कुणी २.१ सांगतं, कुणी २.२, कुणी ३.

आमच्यातल्या एकाचं म्हणणं, एका माणसासाठी एवढा खटाटोप कशाला. त्याला काय उत्तर द्यावं तेही सुचवा.

अजिंक्यतारा:
साताऱ्यात वेबचंच काम करतो. शेवटून सुरू करतो. डब्ल्यूसीएजी ३ अजून मसुदाच आहे, तिच्या मागं लागू नका. २.२ धरा. ती ५ ऑक्टोबर २०२३ ला शिफारस म्हणून निघाली आणि २०२५ मध्ये आयएसओ मानकही झाली. २.१ मधल्या जवळजवळ सगळ्या कसोट्या तिच्यात आहेतच. नव्यांपैकी तुमच्या कामाची एक: दाबायची जागा किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल (वेबपानावरचं माप). तुमची ती फुली मोजून बघा.

एरिया-लाइव्ह तक्त्यावरून आधी काढा. पानाच्या वरच्या भागात एक रिकामा डिव्ह (मजकुराचा कप्पा) ठेवा, रोल ‘स्टेटस’ (बदल झाला की तो सांगणारा). तो पान उघडतानाच तिथं असायला हवा. स्क्रिप्टनं डिव्ह आणि मजकूर एकदमच घातले तर बऱ्याचदा काहीच बोललं जात नाही. आकडा खरोखर बदलला तरच त्यात एक वाक्य लिहायचं: ‘आयर्विन पूल, ३९ फूट ६ इंच, दुपारी ३ वाजता’. स्टेटस वाचन तोडत नाही, चालू वाक्य संपलं की बोलतो. रोल ‘अलर्ट’ (चालू वाचन तोडून लगेच बोलणारा) फक्त ४० आणि ४५ ओलांडताना.

पॉपओव्हर मागचं पान बंद करत नाही आणि त्याला स्वतःची भूमिकाही (रोल) नसते. छोट्या माहितीपुरता तो ठीक. डायलॉग टॅग शो-मोडल या आज्ञेनं उघडला की मागचं पान आपोआप निष्क्रिय होतं, आणि बंद केल्यावर फोकस (वाचनाची जागा) जिथून आला तिथं परत जातो. मार्च २०२२ पासून तो सगळ्या मुख्य ब्राउझरांत आहे. अँड्रॉईड ९ वर क्रोम १३८ पर्यंत मिळतो, म्हणजे काळजी नाही. पण माझं स्पष्ट मत, पुराच्या इशाऱ्याला खिडकी नकोच. पानाच्या अगदी वर हेडिंग करून लिहा. घाबरलेल्या माणसाला आधी काहीतरी बंद करायला लावू नये.

कान_देऊन:
मी जन्मांध, रोज टॉकबॅक वापरते. तक्त्याला टीएच आणि स्कोप (शीर्षक कुठल्या आकड्यांचं ते सांगणाऱ्या खुणा) लावाच, संगणकावर एनव्हीडीएला (पडदा वाचणाऱ्या प्रोग्रॅमला) त्यानं फार फरक पडतो. पण फोनवर माझ्या अनुभवात तक्त्याचा भरवसा कमी. मोबाईलवर प्रत्येक पुलाची एक ओळ करा, म्हणजे एका स्वाइपमध्ये नाव, आकडा, वेळ एकत्र ऐकू येईल. फूट-इंचाच्या खुणा वापरत असाल तर काढा, शब्द लिहा. ‘३९’ आणि ‘६’ हे दोन वेगळ्या ठिकाणचे आकडे वाटतात.

एक महत्त्वाचं. स्टेटस काय किंवा अलर्ट काय, पान समोर उघडं असेल तरच बोलतं. फोन खिशात असताना काहीच होणार नाही. रात्रीसाठी वेब पुश नोटिफिकेशन (पान बंद असतानाही फोनवर येणारी सूचना) लावा, ती टॉकबॅक इतर सूचनांसारखीच वाचतो. आणि रेंज गेली तर त्याचाही उपयोग नाही, म्हणून काकांना फोन करणारा एक माणूस ठरवून ठेवा.

तुमच्या मित्राला सांगा, सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलाय. तुमच्या पानावर तर पाणी किती आलं तेच लिहिलेलं असतं.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री बदल केले. फुली १४ पिक्सेलची निघाली, खिडकीसकट काढून टाकली. स्टेटसचा डिव्ह मी खरंच स्क्रिप्टनं घालत होतो, चूक तीच होती. तुमचा निकालाचा परिच्छेद मित्राला वाचून दाखवला. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला भिलवडी आणि अंकलीच्या ओळी मी लिहितो.

आज सकाळी काकांकडे पान उघडून खोटे आकडे सोडले. तीनदा ऐकून म्हणाले, ‘पाणी चढतंय का उतरतंय ते आधी सांग, फूट मागनं सांग. चढतंय म्हटलं की मी उठून बसतो, मग आकडा ऐकतो.’ म्हणून वाक्य उलटं केलंय: ‘वाढतंय. आयर्विन पूल, ३९ फूट ६ इंच, तासात ४ इंच वाढ, दुपारी ३ वाजता.’

पुश नोटिफिकेशन अजून जमलेलं नाही. सर्व्हिस वर्कर (पान बंद असतानाही मागं चालणारी स्क्रिप्ट) नोंदला जातो, परवानगीही मिळते, पण काकांच्या फोनवर स्क्रीन बंद असली की सूचना सकाळी एकदम येतात. बॅटरी बचत बंद करून पाहिली. कुणाला हा अनुभव आहे का? सांगली-मिरज भागात टॉकबॅक वापरणारं आणखी कुणी असेल तर येत्या रविवारी फोन घेऊन या, चहा आमच्याकडे.