सोसायटीचा बाहेरचा रंग : कोटेशन पास करण्याआधी

सेक्रेटरी (ए-१०२)
नमस्कार मंडळी. बाहेरच्या रंगाचं कोटेशन आलंय. सगळ्या भिंती खरवडून प्रायमर आणि वर दोन हात. ठेकेदार १० मेला परांची बांधतो म्हणतोय, पावसाच्या आत काम पूर्ण. शेड चॉकलेटी आणि नारिंगी. कोणाची हरकत असेल तर आजच कळवा.

सी-३०१
आमची संमती. गणपतीला घरोघरी माणसं येतात, त्याआधी झालेलं बरं.

बी-२०४
काका, माझी हरकत आहे. रंगाला नाही, पद्धतीला. जरा लांबलचक लिहितेय, पण वाचा सगळ्यांनी.

आपला रंग जुना झाला म्हणून गेलेला नाही, पाण्याने गेलाय. बी विंगच्या मागे जाऊन बघा. टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप थेट भिंतीवर गळतो. तिथे रंगाचा पापुद्रा फुगलाय, नखाने ओढला की तळहाताएवढा सोलून येतो आणि मागचं प्लास्टर बोटाला ओलं लागतं. त्यावर कितीही भारी रंग मारा, टिकणार नाही. मग पुन्हा खरवडणं, पुन्हा नवे डबे. रंगाचा निसर्गावरचा मोठा बोजा तो तयार होतानाच पडलेला असतो. पांढरेपणा येतो टायटॅनियम डायऑक्साइडमुळे, ते काढतात इल्मेनाइट नावाच्या खनिजापासून. खाणकाम आलं, इंधन आलं. आपल्या रत्नागिरीतल्या मिऱ्या-काळबादेवीकडच्या काळ्या वाळूत हेच इल्मेनाइट आहे, म्हणजे हा विषय आपल्यापासून काही लांबचा नाही. कमी डबे आणणं आणि लावलेला रंग जास्त वर्षं टिकवणं, एवढं जमलं तरी पुष्कळ झालं.

ए-२०३
मग डब्यावर हिरवं पान छापलेला रंग घेऊ. प्रश्नच मिटला.

बी-२०४
पाण्यात कालवायचा, कमी व्हीओसीचा (हवेत उडून जाणारी रसायनं कमी असलेला) रंग घ्यावाच. वाळताना हवेत कमी विषारी वाफ जाते आणि टर्पेंटाइन लागत नाही. पण दादा, तोही ॲक्रिलिकच, म्हणजे शेवटी प्लास्टिक. मागच्या खेपेला भिंती कोरड्याच घासल्या होत्या. चुरा जास्वंदीच्या आळ्यात, तुळशीत, पार्किंगमध्ये सगळीकडे. पहिल्या पावसात तो गटारात गेला आणि गटार कुठे जातं? भाट्याच्या खाडीत. कामगारांनी ब्रश आणि बादल्याही मागच्या नळावरच धुतल्या, मोरीतून दिवसभर पांढरं पाणी वाहत होतं. त्याच खाडीत बायका कालवं, मुळे असे शिंपले काढतात आणि आपण ते मिटक्या मारत खातो. मला हे खरंच सहन होत नाही.

सी-३०१
अगं पण खरवडल्याशिवाय रंग धरणार कसा?

बी-२०४
काकू, सुटलेला रंग काढायचाच. पण जो घट्ट धरून आहे तो कशाला? ए विंगची रस्त्याकडची भिंत नुसती मळलीये, ती ब्रशने आणि गोड्या पाण्याने धुतली तर एका हातात काम भागेल. पश्चिमेकडच्या भिंतीवर खारं बसलंय, ते धुतल्याशिवाय मात्र रंग लावूच नका, वरचा थर पकडत नाही. जिथे खरवडायचं तिथे आधी भिंत ओली करायची, खाली ताडपत्री अंथरायची आणि चुरा रोज संध्याकाळी गोणीत भरायचा.

खिडक्यांच्या ग्रिलचं तर खास सांगते. आपली बिल्डिंग २००४ ची. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नको हा नियम २०१६ चा आणि तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणजे ग्रिलवरच्या जुन्या ऑइलपेंटात, त्यातही पिवळ्या-लाल छटांत, शिसं असू शकतं. मशीनने कोरडं घासलं की ती धूळ घरात येते. लहान मुलांच्या मेंदूला शिशाचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही. ग्रिल ओल्या पॉलिश पेपरनेच घासायचे, खिडक्या बंद ठेवायच्या, कामगारांना चांगले मास्क द्यायचे. हे करारात लिहून घ्या.

सेक्रेटरी (ए-१०२)
ताई, मुद्दे पटले. पण मेमध्ये नाही केलं तर पावसाळाभर भिंती अशाच राहतील.

बी-२०४
राहू देत काका. मे महिन्यात फक्त पाणी थांबवू. पाइपचं तोंड भिंतीपासून लांब काढायचं, भेगा भरायच्या, गच्चीचं वॉटरप्रूफिंग बघायचं. रंग दिवाळीनंतर, भिंत वाळल्यावर. वाळली का हे बघायला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दिवसभर भिंतीवर ठेवायचा. आतून थेंब धरले तर अजून थांबायचं. घाईत मारला आणि आठ दिवसांत वळीव आला तर पैसे गटारात, रंगासकट. गणपतीला गेट आणि जिने स्वच्छ धुऊ, मी स्वतः येते.

ए-००१
मी काय म्हणतो, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) कंपाउंडला रंग देऊच नका. चिरा पाणी पितो आणि सोडतो. त्यावर प्लास्टिक फासलं की ओल आत कोंडते. आमच्या लहानपणी शिंपल्या भाजून चुना करायचे, तोच गडग्याला लावायचे.

बी-२०४
काका, अगदी बरोबर. कंपाउंडला नुसता चुना पुरे. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊनच घट्ट होतो. बिल्डिंगला मात्र नाही चालणार, जुन्या ॲक्रिलिकवर चुना धरत नाही. आणि चुना लावताना डोळे सांभाळायला सांगा.

ए-२०३
शेवाळाचं काय? अँटी-अल्गी रंग घ्यावाच लागेल ना?

बी-२०४
उत्तरेच्या सावलीतल्या भिंतीला हवं तर घ्या. त्यात शेवाळ मारणारं औषध असतं आणि ते पावसाबरोबर थोडं थोडं धुऊन जातं, म्हणून चारही बाजूंना नको. पाइप गळायचा थांबला की बी विंगचं बरंचसं शेवाळ असंच कमी होईल.
शेडही बदलूया. चॉकलेटी भिंत तापते, घरात पंखे जास्त फिरतात. फिकट मातकट घ्या, आयर्न ऑक्साइडचे रंग उन्हात लवकर विटत नाहीत. झगझगीत नारिंगी बहुतेक विटतो, की पुन्हा रंगकाम आलंच.

सी-३०१
मातकट मला आवडेल. पण एकदा भिंतीवर नमुना लावून दाखवा बाई.

सेक्रेटरी (ए-१०२)
ठीक. कोटेशन परत पाठवतो. उरलेल्या रंगाचं आणि रिकाम्या डब्यांचं काय करायचं?

बी-२०४
घनकचरा नियमांप्रमाणे रंगाचे डबे वेगळे द्यायचे असतात, ओल्या-सुक्यात टाकायचे नाहीत. नगरपरिषदेत विचारून ठेवा कुठे घेतात. उरलेला चांगला रंग झाकण घट्ट लावून मीटररूममध्ये ठेवू, डागडुजीला लागतोच. ब्रश आधी रद्दीवर पुसायचे, मग दोन बादल्यांत धुवायचे. गाळ खाली बसला की वरचं पाणी पुढच्या धुण्याला वापरायचं, गाळ वाळवून डब्यांबरोबर द्यायचा. नळावर धुणं बंद आणि आंब्याच्या बुंध्याशी ओतणंही बंद.

ए-००१
ताडपत्री माझ्याकडे आहे, बागेतली. दोन मोठ्या देतो.

सेक्रेटरी (ए-१०२)
छान. प्लंबरला उद्याच बोलावतो. बी विंगवाल्यांनी सकाळी टाकी भरून ठेवा, अकरानंतर पाणी बंद राहील.