प्रतिसाद: बर्फ कमी नको, चहा कडक करा

दूध घातलेल्या थंड मसाला चहाच्या कृतीवर ‘बर्फ कमी घाला म्हणजे पाणचट होणार नाही’ असं वर आलंय, मला नाही पटत. बर्फ भरपूरच हवा, कोरा चहाच दुप्पट कडक करायचा. साखर मात्र गरम असतानाच, नंतर ती तळाशी बसून राहते.

आल्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. ते वेलची-दालचिनीबरोबर पाण्यात चांगलं 5 मिनिटं उकळा, मग चहा पावडर. मी एकदा शहाणपणा करून आल्याचा कच्चा रस शेवटी कोमट दुधात पिळला, तर बारीक गुठळ्या ग्लासच्या काचेला चिकटलेल्या! कच्च्या आल्यातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं, उकळलं की निकामी होतं. आणि फ्रिजमधला कोरा चहा गढूळ दिसला तर ओतून देऊ नका, दूध घातल्यावर कळतही नाही.