मुलगा रडतच नाहीये, चित्रं-मातीतून काही करता येईल का?

अबोली७
नमस्कार, जरा मदत हवीये. माझा मुलगा ९ वर्षांचा, चौथीत. दिवाळीनंतर सासरे गेले. हा सतत त्यांच्या मागेमागे असायचा, शाळेतून आणायलाही तेच जायचे. तेव्हापासून एकदाही रडला नाही, विचारलं की "काही नाही" म्हणतो, पण रोज शाळेच्या वेळेला पोट दुखतं (डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही) आणि पेन्सिलींची टोकं मुद्दाम मोडून ठेवतो. मैत्रिणीने आर्ट थेरपी (चित्र-मातीतून मन मोकळं करणं) सुचवली म्हणून वही-खडू देऊन म्हटलं आबांचं चित्र काढ, तर उठून आतच गेला. घरी काय करता येईल, कुणी केलंय का?

रंगपेटी
अगं, आबांचं चित्र काढ म्हणजे त्याच्यासाठी थेट जखमेवर बोट. मी कोर्स केलाय आणि मुलांसोबत हेच काम करते, म्हणून सांगते, आधी रेघोट्यांचा खेळ खेळ. तू डोळे मिटून एक वेडीवाकडी रेघ ओढायचीस, त्याने तिचं काहीतरी करायचं, मग त्याने ओढायची आणि तू पूर्ण करायचीस. विनिकॉट म्हणून ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ होते, ते मुलांना बोलतं करायला हाच खेळ वापरायचे. यात मूल एकटं उघडं पडत नाही, तूही काढत असतेस ना सोबत.

"हे काय काढलंस" विचारू नकोस. "याच्याबद्दल सांग ना" एवढंच, नाही सांगितलं तर गप्प बसायचं. आणि "वा छान" पण नको, मग तो छान ऐकायला काढायला लागतो. सगळं काळ्या रंगात काढलं तर घाबरू नकोस, मुलांना काळा नुसता ठळक दिसतो म्हणूनही आवडतो, एका चित्रावरून अर्थ काढत बसू नये.

रुळला की जमिनीवर मोठा ब्राऊन पेपर अंथर, त्याला झोपव आणि खडूने भोवतीने कड काढ. मग राग कुठे असतो, भीती कुठे, ते त्याने रंगवायचं. फिनलंडच्या संशोधकांनी ७०१ लोकांकडून शरीराच्या आकृत्यांवर असं रंगवून घेतलं होतं, रागात छाती आणि हात खूप रंगवले गेले. तुझ्याकडे पोट येईल बहुतेक, बघ.

बांधावरची_बाई
मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. माझं मत, चित्राला नाही म्हणणारी मुलं मातीला नाही म्हणत नाहीत. आमच्याकडे पोळ्याचे बैल करून उरलेली माती मी ओलं फडकं गुंडाळून ठेवते. मळायची, आपटायची, परत गोळा करायची, मोडलं म्हणून कुणी ओरडत नाही. पेन्सिली मोडणाऱ्या हातांना हे फार लागतं हो. एका मुलीने घर केलं, दारच ठेवलं नाही. मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच काडीने भोक पाडलं.

एक_चौकोन
मला टीबी झाला होता तेव्हा गोळी घेतली की वहीत एक चौकोन रंगवायचो, त्या दिवशी जसं वाटेल तसा, सहा महिने. सुरुवातीची पानं नुसती करडी आहेत. नंतर कळलं की १९४२ मध्ये आर्ट थेरपी हा शब्द रुळवणारे एड्रियन हिल हे चित्रकार स्वतःच टीबीचे पेशंट होते, सॅनेटोरियममध्ये पडल्या पडल्या चित्रं काढायचे. ताई, वही तुम्ही पण घाला, सासरे तुमचेही गेलेत. आणि पोटदुखी थांबलीच नाही तर समुपदेशक गाठाच, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

अबोली७
रविवारी रेघोट्या खेळलो. पहिल्या चार-पाचांचे साप आणि डायनासोर झाले. मग माझ्या एका रेघेला त्याने दोन गोल जोडले आणि म्हणाला, आबांच्या स्कूटरचं हँडल. मी गप्पच राहिले, कसं राहिले मलाच माहीत. बऱ्याच वेळाने खाली बघूनच म्हणाला, त्या दिवशी ते शाळेत उशिरा आले म्हणून मी त्यांच्याशी बोललोच नाही घरी येईपर्यंत. तेवढंच. रडला नाही, पण मांडीवर डोकं ठेवून पडून राहिला. मला आत्ता कळतंय ते पोट शाळेच्याच वेळेला का दुखत होतं.

रंगपेटी
अगं किती नीट ऐकलंस तू. तो कागद फ्रिजवर लावू नकोस हां. कुठे ठेवायचा ते त्यालाच विचार.