घरच्या लिप बामला खऱ्या व्हॅनिलाचा वास कसा आणायचा?

मऊमेण:
नमस्कार. मी काही महिन्यांपासून घरीच लिप बाम आणि बॉडी बटर करतेय, मधमाशीचं मेण, शिया बटर आणि बदाम तेल एवढंच घालते आणि टेक्श्चर आता छान जमलंय, पण वासाचं काही केल्या जमत नाहीये. मला व्हॅनिलाच हवाय आणि तोही खरा, कारण माझी सात वर्षांची मुलगी हाच बाम दिवसभर लावते आणि लावलेला निम्मा तर पोटातच जातो.

पहिल्यांदा मी केकमध्ये घालतो ते व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट घातलं, वितळलेल्या मिश्रणात एक छोटा चमचा. घुसळताना सगळं एकजीव झाल्यासारखं वाटलं, पण सकाळी डबी उघडली तर वर पांढरट बाम आणि तळाला तपकिरी थेंब थेंब साचलेले, आणि वास म्हणाल तर आधी अल्कोहोलचा भपका आणि नंतर काहीच नाही. मग ऑनलाइन एका विक्रेत्याकडून 'व्हॅनिला इसेन्शियल ऑइल' अशी बाटली मागवली, त्याचा वास भारी होता पण फारच गोड आणि टोकदार, आणि लावल्यावर ओठ चुरचुरले म्हणून मुलीला दिलाच नाही.

तर विचारायचं असं की ही इसेन्शियल ऑइल्स खरी असतात का, नसतील तर काय वापरायचं, आणि प्रमाण किती? कुणी स्वतः करून बघितलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

वजनकाटा:
आधी ती बाटली बाजूला ठेव. व्हॅनिलाचं इसेन्शियल ऑइल असं काही नसतंच. लॅव्हेंडर किंवा पुदिन्याचं तेल वाफेवर काढता येतं, कारण त्यांचा वास वाफेबरोबर सहज उडून येतो. व्हॅनिलातलं मुख्य सुगंधी द्रव्य म्हणजे व्हॅनिलिन, ते जड असतं, २८५ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे वाफेबरोबर ते जवळजवळ येतच नाही. व्हॅनिलाच्या खऱ्या शेंगेपासून जे मिळतं ते तीन-चार रूपांत मिळतं: अल्कोहोलमधलं एक्स्ट्रॅक्ट, सॉल्व्हंटने काढलेलं ॲब्सोल्यूट, दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने काढलेलं सीओटू एक्स्ट्रॅक्ट, आणि नुसतं तेलात मुरवलेलं. लेबलवर यातलं काहीच न लिहिता 'इसेन्शियल ऑइल' लिहिलं असेल तर आत बहुतेक कृत्रिम सुगंध असतो.

कृत्रिम म्हटलं की लगेच विष असंही समजू नकोस हां. व्हॅनिलिन १८७४ मध्येच पाइनच्या झाडातल्या कोनिफेरिनपासून बनवलं होतं आणि तो रेणू शेंगेतल्यासारखाच असतो, त्वचेला त्यातला फरक कळत नाही. अडचण एवढीच की त्या बाटलीत व्हॅनिलिनबरोबर आणखी काय आहे आणि किती आहे ते तुला माहीत नाही, आणि मुलीच्या ओठांना लावायचं असेल तर ते माहीत असायलाच हवं.

आता एक्स्ट्रॅक्टचं. त्यात पाणी आणि अल्कोहोल असतं, तेलामेणात ते विरघळतच नाही, कितीही घुसळलंस तरी रात्रीतून खाली बसणारच. आणि समजा विरघळलं असतं तरी हिशेब बघ. चांगल्या एक्स्ट्रॅक्टला लिटरमागे साधारण १०० ग्रॅम शेंगा लागतात, शेंगेत व्हॅनिलिन फार तर २ टक्के, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम. लोक ३० ग्रॅम बामात पाच थेंब घालतात, म्हणजे पाव मिलिलिटर, म्हणजे अख्ख्या डबीत अर्धा मिलिग्रॅम व्हॅनिलिन. एवढ्याशाचा वास येणार कसा! तू चमचाभर घातलंस तरी फार फार तर दहा मिलिग्रॅम, आणि तेही तळाच्या थेंबात अडकून बसलं.

चाफेकळी:
मऊमेण, मी चार वर्षं फक्त मुरवलेलं तेलच वापरतेय, माझी पद्धत सांगते. घाई असेल तर ही पद्धत कामाची नाही हे आधीच सांगून ठेवते.

शेंग घेताना वाकवून बघायची. चांगली शेंग चामड्याच्या वादीसारखी बोटाभोवती गुंडाळली जाते, तेलकट चकाकते, आणि कधी कधी अंगावर बारीक पांढरे सुईसारखे स्फटिक दिसतात, ते बुरशी समजून पुसू नका, ते व्हॅनिलिनच असतं. (बुरशी मळकट आणि केसाळ दिसते आणि वास कुबट येतो, लगेच कळतं.) तीन शेंगा म्हणजे साधारण १० ग्रॅम. सुरीच्या टोकाने उभी चिरायची, उलट्या पात्याने आतला काळा गर खरवडून काढायचा, तो ओल्या काजळासारखा पात्याला चिकटतो, आणि मग साल कात्रीने अगदी बारीक कापायची. बरेच जण नुसत्या बिया घेतात आणि साल टाकून देतात, तसं करू नका, सालीतही भरपूर वास असतो.

आता महत्त्वाचं. शेंग कोरडी दिसली तरी तिच्यात पाव भागाच्या आसपास पाणी असतं आणि तेलाखाली दबलेला ओलावा म्हणजे जंतूंना आमंत्रण, म्हणून कापलेले तुकडे कागदावर पसरून दोन दिवस हवेशीर सुकवते, बोटांत चुरले की कट् असा आवाज यायला हवा. मग ठणठणीत कोरड्या बरणीत १०० मिलि जोजोबा तेल, त्यात हे तुकडे आणि गर, आणि ती बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात, ४५-५० अंशांवर तीन तास. तळाला फडकं ठेवते म्हणजे काच तडकत नाही. तेल तापून धूर यायला लागला तर सगळं गेलं, पाणी बोट बुडवता येईल पण ठेवता येणार नाही इतपतच गरम हवं. नंतर काळोख्या कपाटात चार-पाच आठवडे, दोन दिवसांआड हलवायचं, तुकडे तेलाच्या वर तरंगत राहता कामा नयेत. शेवटी मलमलच्या दुहेरी कापडातून गाळायचं. जोजोबा सहजासहजी खवट होत नाही म्हणून ते घेते, बदाम तेल घेतलंत तर व्हिटॅमिन ई अर्धा टक्का घाला.

वास येतो पण अगदी जवळून. डबी उघडली की येईल, ओठांवर मंद राहील, खोलीभर दरवळणार नाही. मला तोच आवडतो, मनुका, थोडं चामडं, थोडं लाकूड असं सगळं असतं त्यात, नुसता गोडवा नाही. बिनरिफाइंड कोको बटर घातलं तर त्याचा स्वतःचा चॉकलेटसारखा वास व्हॅनिलाला छान उचलून धरतो, शिया मात्र रिफाइंड घ्या, कच्च्या शियाचा धुरकट वास याला गिळून टाकतो.

आणि एक, विषय थोडा सोडून. हिरव्या शेंगेला हा वास नसतोच, व्हॅनिलिन साखरेला बांधलेलं असतं, महिनोन्महिने उबवून सुकवल्यावर ते मोकळं होतं. फूल एकच दिवस उमलतं आणि मूळ जागा सोडली तर एकेक फूल हाताने फलित करावं लागतं. ती सोपी पद्धत १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली, बारीक काडी आणि अंगठा एवढ्यावर, आणि आजही तसंच करतात. हे वाचल्यापासून माझ्याकडून शेंगेचा एक तुकडाही टाकवत नाही.

वडी_साबणाची:
साबणवाल्यांसाठी एक सूचना, मऊमेणने विचारलं नाहीये पण पुढेमागे सगळेच तिकडे वळतात. कॉस्टिक सोड्याच्या साबणात व्हॅनिला तपकिरी होतो, नैसर्गिक असो की कृत्रिम. माझी पहिली वडी साच्यातून काढली तेव्हा हस्तिदंती होती, आठवड्यात बिस्किटासारखी आणि महिन्यात गडद चॉकलेटी, कापून बघितलं तर आतही तोच रंग. साबण खराब झालेला नसतो, व्हॅनिलिनचा तो स्वभावच आहे. आता मी एक भाग वास न घालता पांढरा ठेवते आणि दुसरा व्हॅनिलाचा, दोन्ही एकात एक ओतते, पण शेजारच्या पांढऱ्यातही कडेने रंग थोडा झिरपतोच. मुरवलेलं तेल मात्र साबणात वाया घालवू नका, कॉस्टिकपुढे तो मंद वास टिकत नाही. आणि शेंगेची पूड शोभेला घालणार असाल तर चिमूटभरच, अंगाला खरखरीत लागते.

नाजूकत्वचा:
मला इथे काळजीने लिहावंसं वाटलं. नैसर्गिक म्हणजे सगळ्यांना चालेलच असं नाही. मला पेरू बाल्समची (हा एका झाडाचा सुगंधी चीक, पेरूच्या फळाशी संबंध नाही) ॲलर्जी आहे, पॅच टेस्टमध्ये, म्हणजे त्वचेवर पट्ट्या लावून करतात त्या ॲलर्जीच्या चाचणीत निघाली, आणि त्या बाल्सममध्ये व्हॅनिलिनसुद्धा असतं, त्यामुळे अशा काही लोकांना व्हॅनिलाही त्रास देतो. मला दिला. घरचा, शुद्ध, स्वतः मुरवलेला बाम होता, तीन दिवसांनी ओठांच्या कडेला लाल रेघ उमटली, मग खाज, मग कातडी सुटायला लागली, आणि मी आणखी बाम लावत राहिले कारण मला वाटलं ओठ कोरडे पडलेत. डॉक्टरांनी सगळं बंद करायला सांगितलं तेव्हा कुठे कारण कळलं.

व्हॅनिलासारखा वास हवा म्हणून बरेच जण बेंझॉइनची राळ सुचवतात. वास खरंच तसाच आणि तेलात गडदही उतरतो, पण तीही ॲलर्जी करणाऱ्यांतली आहे, लहान मुलांच्या बामात मी तरी घालणार नाही.

मुलीला देण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, एकाच जागी, आठवडाभर लावून बघा. एकदा लावून २४ तास वाट बघण्यापेक्षा हे बरं, कारण ॲलर्जी उशिरा उमटते. आणि बाटलीतल्या तेलाने ओठ चुरचुरले म्हणालात, तुमचे स्वतःचे ओठ पूर्ण बरे होईपर्यंत दुसरं काहीच लावू नका.

मऊमेण:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. ती बाटली टाकून दिली. ओठ आता ठीक आहेत, थांबले होते आठ दिवस.

वजनकाटा, दोन शंका. सीओटू एक्स्ट्रॅक्ट घ्यायचं झालं तर किती घालायचं? आणि चाफेकळीचं मुरवलेलं तेल पाणी असलेल्या क्रीममध्ये चालेल का, म्हणजे व्हॅनिला आणि व्हिटॅमिन ई दोन्ही असलं की वेगळं प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही असं एका ठिकाणी वाचलं.

वजनकाटा:
लागतं! पाणी आलं की प्रिझर्व्हेटिव्ह आलंच. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होऊ देत नाही, जंतूंना ते रोखत नाही, आणि व्हॅनिलाच्या भरवशावर तर अजिबात राहू नकोस. क्रीम बिघडलेलं दर वेळी दिसतंच असं नाही, वासही कधी कधी चांगलाच येत असतो. तू सध्या बिनपाण्याचे पदार्थ करतेयस ते उत्तम आहे, तेच कर.

सीओटू एक्स्ट्रॅक्ट दाट, काकवीसारखं असतं. मोठ्यांच्या लिप बामला पाव टक्का, बॉडी बटरला अर्धा टक्का, यावर जाऊ नकोस. ३० ग्रॅमला अर्धा टक्का म्हणजे ०.१५ ग्रॅम, थेंबांनी मोजून हे जमत नाही, ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवाच. तेही तेलात पूर्ण विरघळत नाही, तळाला कण बसतात, म्हणून आधी थोड्या कोमट एरंडेल तेलात घोटून घ्यायचं आणि मग मिश्रण गार होत आलं की घालायचं.

एरंडेलाचा आणखी एक उपयोग आहे. बाकीची तेलं अल्कोहोलला जवळ करत नाहीत, एरंडेल करतं. शेंगा ९५ टक्क्यांच्या शुद्ध इथेनॉलमध्ये तीन-चार आठवडे भिजवायच्या, गाळायचं, तेवढंच एरंडेल घालायचं आणि पसरट भांड्यात खिडकीशी ठेवून अल्कोहोल उडू द्यायचं. जवळपास गॅस, उदबत्ती, ठिणगी काहीही नको, वाफ पेट घेते. आणि जखमेचं स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात वापरायचं नाही, त्यात इतर द्रव्यं मिसळलेली असतात. साध्या तेलात मुरवल्यापेक्षा वास यात जास्त उतरतो आणि एरंडेलाने बामला चमकही येते. पण लहान मुलं घरात असतील तर मी म्हणेन चाफेकळीची पद्धतच बरी.

मऊमेण:
सहा आठवड्यांनी परत आलेय, सांगायचं राहून जायला नको म्हणून. चाफेकळीच्या पद्धतीनेच केलं, तीन शेंगा, १०० मिलि जोजोबा. पहिले दोन आठवडे काहीच वास नव्हता, फक्त तेल सोनेरी होत गेलं, मी जवळजवळ नाद सोडला होता. तिसऱ्या आठवड्यात एकदा झाकण उघडलं आणि आला! गाळल्यावर बाम केला: मेण ६ ग्रॅम, कोको बटर ९ ग्रॅम, हे तेल १५ ग्रॅम. तळाला एकही थेंब नाही, पोत एकसारखा, एवढंच की बाटलीतल्या त्या तेलाच्या मानाने वास निम्माही नाही. आठवडाभर माझ्या हातावर आणि मग मुलीच्या हातावर लावून बघितलं, काही झालं नाही. काल पहिल्यांदा तिने ओठांना लावला, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, आई, हा लांबून येत नाही, हा फक्त माझाच वास आहे.

गाळलेला चोथा फ्रीजमध्ये ठेवलाय, टाकवेना. त्याचं काही होतं का?

चाफेकळी:
अगं वाचून इतकं छान वाटलं! चोथा कागदात दाबून तेल टिपून घे, बारीक साखरेच्या बरणीत पुरून ठेव दोन आठवडे. त्या साखरेत लागेल तेवढं तेल घालून अंगाला स्क्रब कर, आधी चोथ्याचे तुकडे तेवढे वेचून काढ, टोचतात. ओला हात बरणीत घालू नकोस, चमच्याने काढ, आणि एका वेळी आठवडाभर पुरेल एवढंच कालव.