महाद्वार रोड कायमचा वाहनमुक्त करावा का?

मूळ मत (मंगळवार पेठेतील रहिवासी)

अंबाबाई मंदिराच्या महाद्वारासमोरचा रस्ता नवरात्रात वाहनांना बंद असतो आणि त्या दिवसांत कोल्हापूरचे काही अडत नाही, हे आपण दरवर्षी पाहतो. मग हीच व्यवस्था वर्षभर का असू नये? साड्या, बांगड्या, भांडी यांची खरेदी मुळातच चार दुकाने फिरून आणि भाव विचारून होते. मागून हॉर्न वाजत असताना कोणी दुकानासमोर रेंगाळत नाही. सुमारे एक लाख वस्तीच्या गंगटोकने आपला महात्मा गांधी मार्ग वाहनांना बंद केला, मधोमध बाके आणि फुलझाडे लावली, आणि तिथली दुकाने काही ओस पडली नाहीत.

विरोधी मत (कापड व्यापारी)

नवरात्रातली गर्दी देवीची असते, बाजाराची नव्हे. आपण गंगटोक सांगितलेत, मी कॅलामझू सांगतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील या लहान शहराने १९५९ मध्ये आपला मुख्य बाजाररस्ता पादचाऱ्यांसाठी राखला. त्या देशातला तो पहिला प्रयोग मानला जातो आणि पुढे अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. त्याच शहराने १९९८ मध्ये रस्त्याचा काही भाग पुन्हा मोटारींना खुला केला. कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नोने १९६४ चा असाच प्रयोग २०१७ मध्ये गुंडाळला. गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे वळले की ते परत आणायला किती वर्षे लागतात, हे गल्ल्यावर बसणाऱ्यालाच कळते.

पहिल्या लेखकाचे उत्तर

उदाहरण खरे आहे, पण निष्कर्ष घाईचा आहे. कॅलामझूच्या आराखड्याचा कर्ता व्हिक्टर ग्रुएन याने बाजाराभोवती वळणरस्ता आणि वाहनतळही सुचवले होते; प्रत्यक्षात मुख्यतः रस्ता तेवढा बंद झाला. गंमत अशी की १९५६ मध्ये मिनेसोटात बंदिस्त, वातानुकूलित मॉल उभारणारा वास्तुविशारदही हाच, आणि जुन्या बाजारपेठांचे गिऱ्हाईक पळवले ते अशाच मॉलनी. तिथे लोक उपनगरांत राहायला गेले होते आणि मोटारीशिवाय बाजारात येऊच शकत नव्हते. आपल्याकडे दुकानांच्या माथ्यावर आणि मागच्या बोळांत अजून कुटुंबे नांदतात, शिवाय मंदिरामुळे पायी येणाऱ्यांचा ओघ बारमाही आहे. अमेरिकेतल्याच बोल्डर (१९७७ पासून) आणि बर्लिंग्टन (१९८१ पासून) या विद्यापीठांच्या गावांत असे रस्ते आजही गजबजलेले आहेत, कारण चालणारी माणसे तिथे आधीपासून होती.

तिसरे मत (गल्लीत राहणाऱ्या गृहिणी)

दादा, माथ्यावर राहणाऱ्या कुटुंबांचा दाखला आपण दिलात, पण त्यांना कोणी विचारले आहे का? सासूबाईंना दवाखान्यात न्यायचे तर रिक्षा दाराशी लागते, गॅसचा सिलिंडर वर चढवावा लागतो, आणि रात्री परतल्यावर दुचाकी बिंदू चौकात ठेवून तिथून चालत येणे वर्षभर जमण्यासारखे नाही. रहिवाशांना परवाने द्यावेत, पण मग ते परवाने दुकानदारांच्या नातेवाइकांकडे जाणार नाहीत, याची हमी कोण देणार? शिवाय मोकळ्या झालेल्या जागेत हातगाड्या येणारच. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार फेरीवाल्यांना शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधित्व आहे आणि सर्वेक्षणाशिवाय त्यांना हटवता येत नाही, हे योग्यच आहे. मात्र त्यांच्या जागा रस्ता बंद करण्याआधी आखल्या पाहिजेत, भांडणे सुरू झाल्यावर नव्हे.

व्यापाऱ्यांचे पुन्हा उत्तर

ताईंच्या मुद्द्यात माझा मुद्दा जोडतो. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ला ते फतेहपुरी या पट्ट्यात २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी आहे. म्हणजे माल उतरवायला रात्र मोकळी राहते. असे तास इथे ठरले, तर टेम्पोसाठी मी पहाटे दुकान उघडीन, हमालांचे जादा पैसेही सोशीन. पण बाहेरगावचे गिऱ्हाईक गाडी कुठे लावणार आणि तिथून वृद्ध माणसांना कशातून आणणार, हे कागदावर दिसेपर्यंत माझी सही मिळणार नाही. आधी सहा महिने फक्त रविवारी बंद करून पाहा, आणि त्या रविवारांची विक्री आम्हा दुकानदारांकडूनच लिहून घ्या.