सीबीटी करणारं जवळपास कोणी आहे का? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

वैशाली, ए ६०२: नमस्कार. काल रात्री जिन्यात "आले आमचे गिर्यारोहक" असं जे कोणी म्हणालं, त्यांचा आवाज मी ओळखला आहे. नाव घेत नाही. लिफ्ट अडकली तेव्हा आत कोण होतं आणि दार उघडायला किती वेळ लागला, हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हापासून हे लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाहीत. आता ऑफिसची लिफ्ट नको, गर्दीची बस नको, दार लावून मीटिंगला बसणंही नको. ईसीजी वगैरे सगळं झालं, हृदय ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणाले सीबीटी घ्या, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि सवयी बदलायचा मानसिक उपचार. कुठे घ्यायची ते काही सांगितलं नाही. जवळपास करणारं कोणी माहीत आहे का? त्यांना विचारूनच लिहितेय, तेव्हा "घरातलं ग्रुपवर कशाला" हे कृपया नको.

प्रकाशकाका, बी १०१: वैशाली, आधी थायरॉइड तपासून घ्या. धडधड, घाम, हात थरथरणं, थायरॉइडने सगळं होतं.

मंदार, सी ५०४: सीबीटी म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा ना? आमच्या चिरंजीवांची रविवारी आहे 😀

वैशाली, ए ६०२: मंदार, आज नको.

मंदार, सी ५०४: सॉरी वहिनी.

शोभामावशी, ए ३०२: अगं, माझ्याकडे झोपेची अर्धी गोळी असते ना, ती लिफ्टच्या आधी घ्यायला सांग. मला बरं वाटतं. मुलाला पाठवते खाली घेऊन.

डॉ. अनघा, डी ४०१: मावशी, कृपया नको. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी कोणीही घ्यायची नाही. त्या प्रकारच्या गोळ्यांची सवय लागते. शिवाय "गोळी होती म्हणून निभावलं" असंच मनात बसतं आणि भीती तिथेच राहते. त्यांच्या डॉक्टरांनी काही औषध सुरू केलं असेल तर ते मात्र मनाने बंद करू नका. औषध आणि सीबीटी दोन्ही बरोबर चालू शकतं.

शोभामावशी, ए ३०२: मी आपलं प्रेमाने सांगितलं. पुन्हा नाही बोलणार.

सेक्रेटरी: लिफ्टचा विषय निघालाच आहे म्हणून. वार्षिक देखभालीच्या कराराचं नूतनीकरण का रखडलं ते मागच्या सभेत सांगितलं आहे. थकबाकीदारांनी पैसे भरले असते तर ही वेळ आली नसती.

हेमंत, बी ४०२: नाव घेऊन बोला की. माझं गळतीचं काम झाल्याशिवाय मी भरणार नाही, हे लेखी दिलंय. आणि आतली अलार्मची बेल बंद होती, ती काय माझ्या थकबाकीमुळे?

सेक्रेटरी: बेलची तक्रार त्यापूर्वी कोणीही केलेली नव्हती.

हेमंत, बी ४०२: रजिस्टर उघडून बघा. माझ्याकडे फोटो आहे.

नीलिमा, सी २०३: दोघांनी फोनवर भांडा, प्लीज. वैशालीताई, माझी सीबीटी झालेली आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते. "चांगले डॉक्टर कोण" असं विचारत फिरू नका, शंभर नावं मिळतील. सायकियाट्रिस्ट मुख्यतः निदान करतात, औषध देतात. काही जण सीबीटीही करतात, पण बहुतेकदा हे काम क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं असतं. "समुपदेशक" अशी पाटी लावलेल्या प्रत्येकाने हे शिक्षण घेतलेलं असतंच असं नाही. म्हणून भेट ठरवण्याआधी फोनवर सरळ विचारा: सीबीटीचं प्रशिक्षण कुठे घेतलं? नोंदणी कुठे आहे? पॅनिकच्या, म्हणजे अचानक भीतीचा झटका येणाऱ्या पेशंटबरोबर काम केलंय का? साधारण किती सत्रं लागतील? घरी करायला काही देता का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक्स्पोजर करून घेता का? या शेवटच्या प्रश्नावर जो अडखळेल तो भाऊंसाठी उपयोगाचा नाही. चारचौघांत भला माणूस असेल, तरीही नाही.

वैशाली, ए ६०२: एक्स्पोजर म्हणजे लिफ्टमध्ये कोंडून ठेवणार का? ते ऐकूनच यांचा चेहरा उतरला.

नीलिमा, सी २०३: नाही नाही, जबरदस्ती अजिबात नसते. थेरपिस्ट आणि पेशंट मिळून पायऱ्या ठरवतात. प्रत्येक पायरीला भीती शून्य ते शंभरात किती, ते स्वतःच लिहायचं. आधी नुसतं लिफ्टच्या दारासमोर उभं राहायचं. मग दार उघडं ठेवून आत जायचं. मग दार लावून एकच मजला, बरोबर कोणीतरी. मग एकटं. मनात आलेला विचार आधी लिहायचा, उदाहरणार्थ "श्वास कोंडून मी मरेन", आणि प्रत्यक्षात काय झालं ते नंतर त्याच्यासमोर लिहायचं. पॅनिकची लाट बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत कळस गाठते आणि ओसरते. आपण ती ओसरण्याआधीच पळ काढतो म्हणून ते कधी कळतच नाही. जिना चढला की सुटल्यासारखं वाटतं ना, ते सुटणंच भीतीला खतपाणी घालतं.

प्रकाशकाका, बी १०१: हे सगळं ठीक आहे, पण थायरॉइड तपासलं का?

अमेय, डी २०१: मी एमए सायकॉलॉजीला आहे म्हणून थोडी भर. १९६०च्या दशकात अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ही पद्धत नैराश्याच्या रुग्णांसाठी मांडली. ते स्वतः मनोविश्लेषणाच्या परंपरेतले. रुग्णांच्या मनात आपोआप येणारे विचार त्यांनी टिपायला सुरुवात केली, त्यातून हे उभं राहिलं. पॅनिकमध्ये माणूस धडधडीचा अर्थ "हार्ट अटॅक" असा लावतो आणि त्याच अर्थाने धडधड वाढते, ही मांडणी ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांची, १९८६ची. आणि फक्त एकाच गोष्टीची भीती असेल तर स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट यांनी १९८९मध्ये एकाच लांबलचक सत्राची पद्धत मांडली, फार तर तीन तासांची. पण वैशालीकाकूंच्या यजमानांना बस, मीटिंग असं पसरलंय, त्यामुळे एकाच बैठकीत होईल असं धरून चालू नका.

मंदार, सी ५०४: अमेय, परीक्षा तुझी आहे की आमच्या मुलाची?

वैशाली, ए ६०२: अमेय, छान सांगितलंस रे. धडधडीचं अगदी तस्संच होतं. मनगटावर बोट ठेवून सारखी नाडी मोजतात.

नीलिमा, सी २०३: हो ना, हे नाडी मोजणं, पाण्याची बाटली हातात धरणं, फोनची रेंज बघत राहणं, हे सगळं थेरपिस्टला आवर्जून सांगा. वरवर साध्या सवयी, पण त्याही एकेक करून सोडवतात.

सुभाषराव, बी ५०३: माझ्या मते मन खंबीर हवं. आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

वैशाली, ए ६०२: सुभाषराव, आवाज ओळखलाय असं मी वर लिहिलंय.

डॉ. अनघा, डी ४०१: आजार तेव्हाही होताच, फक्त माणसं घरात बसून काढायची. वैशाली, शोधायचं कुठे ते सांगते. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाचा मनोविकार विभाग, तिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बहुधा असतात. सरकारी असेल तर फी परवडते, पण नंबर लागायला वेळ जातो, तेव्हा नाव आजच नोंदवा. विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात उपचार केंद्र आहे का ते बघा. त्यांच्या ऑफिसच्या एचआरला विचारा, काही कंपन्या मोजकी सत्रं मोफत देतात. आणि विम्याच्या पॉलिसीत ओपीडी बसते का तेही पाहा. जवळपास कोणी नाहीच मिळालं तर व्हिडिओवरूनही सीबीटी होते, फोन खिशात ठेवून लिफ्टचा सराव तर आपल्याच इमारतीत होईल.

वैशाली, ए ६०२: आणि सत्रं किती धरायची?

डॉ. अनघा, डी ४०१: साधारण सहा ते वीस, बहुतेकदा आठवड्याला एक. चार-पाच सत्रांनंतर काहीच हललेलं दिसत नसेल तर थेरपिस्टशी तसं स्पष्ट बोला. चिंता मोजणारी जीएडी-७ सारखी प्रश्नावली भरून घेतात, सात प्रश्नांची, एकवीसपैकी गुण. त्यावरून फरक दिसतो. "शंभर टक्के बरं करतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. आणि हे सर्वांसाठीच: कोणाच्याही मनात जगणं नको असे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

हेमंत, बी ४०२: रजिस्टरचा फोटो टाकतोय. तारीख बघा.

सेक्रेटरी: पाहिला. नोंद आहे. चौकीदाराने कळवलं नव्हतं. बेल उद्या दुरुस्त करून घेतो.

हेमंत, बी ४०२: धन्यवाद. मेंटेनन्सचा चेक संध्याकाळी देतो. गळतीचं बघा.

प्रकाशकाका, बी १०१: थायरॉइड?

डॉ. अनघा, डी ४०१: काकांचा मुद्दा बरोबर आहे हं, थायरॉइडची टीएसएच चाचणी झाली नसेल तर करून घ्या.

वैशाली, ए ६०२: झालंय, काका. रिपोर्ट नॉर्मल आहे.

प्रकाशकाका, बी १०१: मग हरकत नाही.

सुभाषराव, बी ५०३: वैशालीताई, जिन्यात मी जे बोललो ते बोलायला नको होतं. त्यांना सांगा.

वैशाली, ए ६०२: ते वाचतायत सगळं. नीलिमा, तुझे ते प्रश्न मी कागदावर उतरवून घेतले. दोन ठिकाणी फोन केला. एकीकडे "आम्ही सगळ्याच पद्धती वापरतो" एवढंच म्हणाले. दुसरीकडच्या बाईंनी उलट यांनाच फोन द्यायला सांगितला आणि कोणत्या मजल्यावर राहता, लिफ्टला आरसा आहे का, असं बारीकसारीक विचारत बसल्या. गुरुवारची वेळ घेतलीये. दुसरा मजला आहे म्हणे, जिना आहे.