दर विचारायचा तो कसा?

‘पेशंट ऑपरेशनचा दर विचारतच नाही’ असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. फुरसं (विषारी साप) चावलेल्या माणसाने दर विचारत बसूच नये, थेट जवळचं सरकारी रुग्णालय गाठावं. पण मोतीबिंदू, हर्निया, गुडघा यांत हातात वेळ असतो, आणि लोक विचारतातही. फक्त प्रश्न चुकतो.

‘मोतीबिंदूचे किती?’ याला रत्नागिरीत एक आकडा मिळतो, कोल्हापुरात दुसरा, आणि दोन्हींत वेगवेगळ्या गोष्टी धरलेल्या असतात. त्यामुळे लेखी अंदाजपत्रक मागा. त्यात डोळ्यात बसवायच्या लेन्सची कंपनी, मॉडेल आणि ती घडीची की कडक. फेको (यंत्राच्या ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढणं) की हाताने करायची छोट्या छेदाची पद्धत. लेन्सचा नंबर काढायची तपासणी, रक्तातली साखर, नंतरचे साधारण महिनाभराचे थेंब आणि फेरतपासण्या धरल्यात का, हे स्पष्ट हवं. बिल फुगतं ते बहुधा इथेच: पॅकेज साध्या लेन्सचं असतं आणि ऐनवेळी महागडी सुचवली जाते. लेन्सच्या खोक्यातला स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या.

मोठ्या ऑपरेशनला खोलीचा वर्गही विचाराच. बऱ्याच ठिकाणी खोली बदलली की सर्जनची फी बदलते.

आणि रत्नागिरीहून आंबा घाट ओलांडून कोल्हापूरला जायचं तर दुसऱ्या दिवशीची, आठवड्याची, महिन्याची अशा तीन फेऱ्या, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोजही धरा. स्वस्त आकडा तिथेच महाग पडतो.

दरपत्रक दर्शनी भागात लावणं महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांना 2021च्या सुधारित नियमांनी बंधनकारक आहे. दिसलं नाही तर बेधडक मागा.